तोंड भिंतीकडे

बाई, तू गेल्याचं मला पोलीस ठाण्यातून कळलं.

"नागपूरचे वसंतराव बोलून राहिले का? बंदूकवाल्या बाईंचे भाऊ?" एवढंच ऐकलं. वाटलं, बंदुकीनं काहीतरी केलं. दीडशे वर्षं गप्प बसलेली ती वस्तू आज कोणाच्या तरी अंगावर उठली. मी फोनवरच विचारलं, "कोणाला लागली?" पलीकडचे जमादार गोंधळले. म्हणाले, "कोनाले नाही लागली साहेब. बंदूक ठीक हाये. बाई गेल्या."

बंदूक ठीक आहे आणि बाई गेल्या. अजूनही ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात एकामागोमाग एक बसत नाहीत.

तू ती बंदूक सोडवायला गेली होतीस. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या आणि निकाल लागला की परत आणायच्या, हा तुझा ठरलेला कार्यक्रम. गावच्या लोकांना निवडणूक लागल्याचं भोंग्यावरून कळायचं नाही, तुझ्यावरून कळायचं. चादरीत गुंडाळलेली बंदूक काखेत, दुसऱ्या हातात पिशवी, आणि लाखांदूरची एसटी. कंडक्टर विचारायचा, "बाई, हिचं तिकीट?" तू म्हणायचीस, "हे माह्यापेक्षा म्हातारी हाये. हिले सवलत दे." सगळी गाडी हसायची. बाबांनी जाताना परवाना तुझ्या नावावर करवून घेतला, कारण मी नागपुरात मास्तरकी करायला निघून गेलेलो आणि तू गावात, तळ्याखालच्या धानाच्या बांध्यांमध्ये. परवान्यावर कारण लिहिलेलं 'पिकाचे रक्षण'. एक रानडुक्कर कधी त्या बंदुकीला घाबरलं नाही, कारण त्याला ती कधी दिसलीच नाही. डुकरांसाठी तुझ्याकडे डबा आणि काठी होती.

जमादार सांगत होते ते मी पुन्हा पुन्हा विचारलं. सकाळी तू आलीस. सही केलीस. बंदूक हातात घेतलीस, आणि बस यायला वेळ आहे म्हणून व्हरांड्यातल्या बाकावर बसलीस. चहा सांगितला. "साखर कमी टाकजा," म्हणालीस. चहा आला तेव्हा तू भिंतीला डोकं टेकलेलं होतंस. पोऱ्यानं ग्लास शेजारी ठेवला आणि गेला, त्याला वाटलं झोप लागली. धान कापणीचे दिवस, पहाटेपासून माणूस उभं असतं, लागते डुलकी. ग्लासावर साय धरली तेव्हा जमादारांच्या लक्षात आलं. "बंदूक तेवढी घट्ट धरून होत्या साहेब," ते म्हणाले. "तोंड भिताडाकडे करून."

असं कोणी जातं का, बाई? आदल्या संध्याकाळी तू मला फोनवर झापलं होतंस. कापलेल्या धानाचं पुंजणं रचून झालं, मजुरांना जेवू घातलं, मंडईसाठी दुकानातून पोहे आणले, सगळं सांगितलंस. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगावी मंडई भरते, पाहुणे येतात, नाटक होतं, म्हणून मी यायचं हे ठरलेलं. झापण्याचं कारण नेहमीचं, पाटी.

ही पाटी न समजलेल्या माणसाला आपलं भांडण समजायचं नाही, म्हणून सांगतो. तुझ्यानंतर परवाना घेणारं घरात कोणी नाही. माझा मुलगा पुण्यात, त्याला बंदुकीपेक्षा मिक्सरची जास्त गरज. शौकीन लोक अशा जुन्या फौजी बंदुका शोधत फिरतात, तसे एकदोन तुझ्याही दारात येऊन गेले, आणि तू त्यांना ताक पाजून परत पाठवलंस. शेवटी नागपूरच्या एका संग्रहालयाला ती द्यायची असं आपण दोघांनी ठरवलं. त्यांनी विचारलं, बंदुकीखाली काय लिहायचं ते चार ओळींत द्या. त्या चार ओळींवर आपले किती महिने गेले.

तुझ्या चार ओळी तयारच होत्या. लहानपणापासून दर दसऱ्याला ऐकलेल्या. आपला खापरपणजोबा दाजीबा हा नागपूरकर भोसल्यांच्या फौजेत होता. राज्य खालसा झालं, फौज मोडली, दाजीबा घरी आला. मग सत्तावन्न साल उजाडलं आणि वैनगंगेच्या काठी त्यानं एका गोऱ्या शिपायाच्या हातातून ही बंदूक हिसकावली. दसऱ्याला ती कोमट पाण्यानं पुसायची, तेल लावायचं, हळदकुंकू, झेंडूची माळ, नळीखालच्या गजाला लाल नाडा. मग तू नळीवर हात ठेवून ही गोष्ट सांगायचीस आणि गावची पोरं तोंड उघडी टाकून ऐकायची. गोऱ्याला तू कधी नदीत पाडायचीस, कधी बाभळीला बांधायचीस. एका वर्षी तो रडलाही होता.

आणि मी, इतिहासाचा मास्तर, तिथेच बसलेला. माझ्यानं राहवेना.

तुला किती वेळा समजावलं. ही ठासणीची एन्फिल्ड, म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजानं ठासायची इंग्रजी बंदूक. हिच्याच जातीच्या बंदुकीच्या काडतुसांवरून सत्तावन्नचा भडका उडाला हे खरं. पण त्या बंदुकीच्या नळीत आतून पिळाच्या रेघा असतात. त्या रेघांमुळे गोळी फिरत जाते, म्हणून सरळ आणि लांब जाते. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी देशी शिपायांना बंदुका तर दिल्या, पण रेघा घासून काढून, नळी गुळगुळीत करून. मागची नेम धरायची सरकती पट्टी काढून टाकली आणि तिथे साधा ठोकळा बसवला. गोऱ्याची गोळी लांब जावी आणि देशी शिपायाची जवळच पडावी, एवढा साधा हिशोब. आपल्या बंदुकीवर तो ठोकळा आहे. म्हणजे ही सत्तावन्नच्या नंतरची. म्हणजे दाजीबानं ती हिसकावली नाही, त्याला ती दिली गेली. एक तर तो पुढे इंग्रजांच्याच चाकरीत गेला असेल, नाही तर नव्या बंदुका आल्यावर जुन्या पोलिसांना आणि मालगुजारांच्या माणसांना वाटल्या, त्यातली ही असेल.

तू ऐकून घ्यायचीस, हातातलं काम न थांबवता. मग म्हणायचीस, "म्हणजे इंग्रज आपल्या शिपायाले भेत होता."

"हो. तसंच म्हणायचं."

"मंग दाजीबालेच भेला असन."

यावर कोणत्या विद्यापीठात उत्तर शिकवतात, सांग.

एका दिवाळीला मी नागपुरातून चांगली टॉर्च घेऊन आलो. म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला. नळीच्या तोंडात उजेड टाकला आणि तुला बोलावलं, बघ, एक तरी रेघ दिसते का. तू डोळा लावलास. तोंडापाशी गुळगुळीत लोखंड आणि आत काळोख. मी जिंकल्यासारखा हसलो. तू म्हणालीस, "टॉर्च ठेवून जा. मी फुरसतीनं पाहीन." मी टॉर्च ठेवून गेलो. त्यानंतर तू त्या विषयावर काही बोलली नाहीस. मला वाटलं, हरलीस आणि गप्प बसलीस. शितावरून भाताची परीक्षा करणारा मी, मला दुसरं काय वाटणार.

पुढच्या दसऱ्याला बंदूक पाटावर आडवी होती, पण उलटी. आधी तिचं तोंड अंगणाकडे, लोकांकडे असायचं. आता भिंतीकडे. मी टोमणा मारला, "काय बाई, बंदुकीलाही वास्तुशास्त्र लागू झालं का?" तू म्हणालीस, "मोठ्या मानसाले हिच्या तोंडासमोर बसवत नाही." लोक हसले, मीही हसलो. त्या वर्षी दाजीबाची गोष्टही तू आखूड केलीस आणि पोरांना पाटाच्या जवळ येऊ दिलं नाहीस. "दुरून पाहा रे. म्हातारी हाये ते, झोपली हाये." माझ्या ते लक्षातही राहिलं नसतं. आता त्या दसऱ्याची झेंडूची फुलंसुद्धा आठवतात.

शेवटच्या फोनवर तू म्हणालीस, "पाटी मी सांगीन तशी लिहाची. तू ये मंडईले, मंग सांगतो." मी म्हटलं, फोनवरच सांग ना. "फोनवर सांगाची गोष्ट नाही ते. तुले दाखवा लागन." मी म्हटलं, बाभळ सापडली का गोऱ्याला बांधलेली? तू हसली नाहीस. "ये तू," म्हणालीस आणि फोन ठेवलास.

मी आलो, बाई. मंडईला नाही आलो.

तुझं सगळं गावानं केलं. तळ्याच्या पाळीखाली, जिथे बाबांना नेलं तिथेच. माझ्या हातून काय झालं आणि काय नाही, मला आठवत नाही. बायका म्हणत होत्या की मी नुसता तुझ्या चपला कुठे ठेवल्या ते विचारत होतो. चपला ठाण्यातल्या बाकाखाली राहिल्या होत्या.

त्या आणायला म्हणून मी ठाण्यात गेलो. खरं तर कोणीही आणल्या असत्या. जमादार चांगला माणूस. चपला त्यांनी कागदात बांधून ठेवल्या होत्या. बंदुकीचं म्हणाले, परवाना बाईंच्या नावाचा, आता ती तुम्हाला घरी नेता येणार नाही, संग्रहालयाला द्यायची असेल तर रीतसर द्या, पण त्याआधी भंडाऱ्याला आमच्या आर्मररकडून तपासून घ्यावी लागेल. मग जरा थांबून म्हणाले, "साहेब, बाई दर इलेक्शनले एकच सांगत जाय. बंदूक देतानी. 'तोंड भिताडाकडे ठेवा, न् कोनाले हात लावू देऊ नका.' आमी म्हनो, बाईचा जीव हाये बंदुकीवर."

मलाही तेव्हा तेवढंच वाटलं.

भंडाऱ्याला पोलिसांच्या जीपमधून गेलो, साकोलीवरून. बंदूक मागच्या सीटवर, तुझ्याच चादरीत. कारध्याच्या पुलावर गाड्यांची रांग लागली होती, खाली वैनगंगा भरून होती. गोसीखुर्द धरणाचं पाणी मागे सरकून आल्यापासून ती नदीसारखी दिसत नाही, तळ्यासारखी दिसते. तुझ्या गोष्टीतला गोरा इथे कुठेतरी पडला असं तू म्हणायचीस. मी मनात म्हटलं, बाई, आता भांडायला कोणी नाही, तर घे, पडला असेल. त्या पुलावर मी तुला तेवढं देऊन टाकलं होतं.

आर्मरर म्हणजे पोलिसांच्या बंदुका दुरुस्त करणारा माणूस. हा तरुण होता. नवी खेळणी पाहावी तशी त्यानं आपली म्हातारी पाहिली. घोडा, ठोकळा, घोड्यालगतच्या लोखंडी पत्र्यावर कोरलेला झिजलेला मुकुट. मी त्याला माझं व्याख्यान दिलं. तो मान हलवत होता. मग त्यानं विचारलं, "भरलेली तर नाही ना, सर?"

मी हसलो. जमादारही हसले. तो हसला नाही. म्हणाला, "हे बंदूक उघडून पाहाता येत नाही, म्हनून तुमाले विचारलं." त्यानं नळीखालचा गज ओढून काढला. गजाला तुझा नाडा बांधलेला होता, टोकाकडून वीतभर खाली, काळपट पडलेला. मी म्हटलं, दसऱ्याचा आहे, काढला तरी चालेल. तो म्हणाला, राहू द्या. गज त्यानं हळूच नळीच्या तोंडातून आत सोडला.

गज आत गेला, गेला आणि थांबला. नाडा बरोबर नळीच्या तोंडाशी येऊन टेकला होता.

"आता पाहा," तो म्हणाला. गज बाहेर काढून त्यानं तो नळीला बाहेरून लावून धरला, नाडा तोंडाशी जुळवून. गजाचं दुसरं टोक जिथे घोडा पडतो तिथपर्यंत पोहोचायला हवं होतं. ते चार बोटं अलीकडेच राहिलं. त्या चार बोटांत काहीतरी बसलेलं होतं.

"भरलेली हाये," तो म्हणाला. "न् हा धागा पूजेचा नाही, सर. कोनीतरी माप घेऊन ठेवलं हाये."

जमादार एक पाऊल मागे सरकले. मी सरकलो नाही.

बाई, तुला माहीत होतं.

टॉर्च ठेवून घेतलीस ती यासाठी. फुरसतीनं पाहिलंस, काळोखात काहीतरी आहे असं वाटलं असेल, गज घालून पाहिलास, बाहेरून मोजलास. आणि खूण म्हणून पूजेचाच नाडा त्या मापावर बांधलास, कारण आपल्या घरात नाडा कशालाही बांधलेला असतो, पाट्याला, कोयत्याला, सायकलीला. त्याच्याकडे कोण पाहतं? दर दसऱ्याला तू जुना सोडून नवा नाडा त्याच जागी बांधत आलीस. मी समोर बसून आपट्याची पानं वाटत होतो.

तो तरुण काम करत होता आणि मी बाकावर बसून एकच गोष्ट पाहत होतो. तुला आठवत होती का ती, हे विचारायची गरज नाही. बाबा धानाच्या बांधीत गेले की आपण ती बंदूक खुंटीवरून काढायचो. बूड तुझ्या मांडीवर, तोंड माझ्या तोंडाला. मी नळीला ओठ लावून हूऽऽ करून ओरडायचो, आत आवाज घुमायचा, आणि तू दोन्ही अंगठ्यांनी घोडा मागे ओढायचीस. तुझी ताकद पुरायची नाही, जीभ बाहेर यायची. मग घोडा सुटायचा, खट, आणि तू म्हणायचीस, "ठो. मेला वसंता." मी मरून पडायचो. मग उठून म्हणायचो, अजून एकदा.

अजून एकदा, अजून एकदा. किती दुपारी.

आर्मररला मी हे सांगितलं. सांगायला नको होतं, पण कोणाला तरी सांगणं भाग होतं. त्यानं हात थांबवले. म्हणाला, "टोपी नव्हती लावलेली, म्हनून." तांब्याची छोटी टोपी असते, घोड्याखाली बसवायची, तिच्यातूनच ठिणगी पडते. ती नव्हती, आणि ठिणगी जायचं भोक गंजानं बुजलेलं होतं. एवढ्यावर मी सगळं आयुष्य जगलो. शिकलो, लग्न केलं, पोरगा झाला, आणि तुझ्याशी रेघांवरून भांडलो.

त्यानं ठिणगीच्या भोकाचा आटे असलेला तुकडा तेलानं सैल करून काढला आणि बारीक तारेनं आतली दारू थोडीशी कागदावर खरवडून घेतली. काळी, ढेकळासारखी. मी म्हटलं, दीडशे वर्षांची माती झाली असेल. तो मला अंगणात घेऊन गेला, फरशीवर कागद ठेवला, लांबून काडी लावली. भक्‌ झालं. पांढरा धूर, दिवाळीचा वास. जमादार "अरे बापरे" म्हणाले आणि खाली बसले.

तेव्हापासून माझ्या नाकातून तो वास जात नाही.

मग नळीत पाणी ओतून, टोकाला पेच असलेल्या गजानं त्यानं आतलं सगळं बाहेर काढलं. आधी चिंधी निघाली, घट्ट, काळी. मग शिशाची गोळी. मग दारूचा लगदा. चिंधी त्यानं धुऊन पसरली, तर ते कापड सुती होतं, जाड, कडेला काठासारखं काही. लुगड्याचं असावं. माझ्यातला मास्तर तेवढ्यातही जागा झाला, तुला आवडलं असतं. फौजेतला शिपाई कागदी काडतूस दातानं फाडून भरतो, गोळीबरोबर कागद ठासतो. इथे कागद नव्हता. म्हणजे ही बंदूक पलटणीत भरलेली नाही, घरात भरली. घरातल्या कोण्या बाईच्या लुगड्याचा तुकडा घेऊन कोणीतरी गोळी ठासली, कोणासाठी तरी, आणि मग उडवली नाही. तो दाजीबा होता की त्याचा मुलगा, समोर गोरा होता, चोर होता की वाघ, आणि का उडवली नाही, यातलं मला काहीही माहीत नाही. तुझी गोष्टही यात बसत नाही आणि माझीही. आपण दोघंही नळीच्या बाहेर भांडत होतो.

पण तू आत पाहिलं होतंस. मला राग येतो तुझा, बाई. सांगायचं ना. त्याच रात्री फोन करायचा. नाही, मला कळतं. पोलिसांना कळलं असतं तर बंदूक गेली असती, हे एक. पण खरं कारण ते नाही, आणि ते तू मंडईलाही किती सांगितलं असतंस कोण जाणे. त्या टॉर्चच्या नंतर आलेली भाऊबीज मला आता दिसते, तू नागपूरला आमच्याकडे आली होतीस. दिवाळी संपायच्या आतच होती ती, म्हणजे तुला कळून दोनचार दिवसही झाले नसतील. तू ओवाळलंस, ताट खाली ठेवलंस आणि दोन्ही हातांनी माझं तोंड धरून पाहत बसलीस. इतका वेळ, की माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी म्हटलं, "काय पाहून राहिली?" तू म्हणालीस, "डोस्कं हाये का जाग्यावर, पाहून राहिली." सगळे हसले, मला वाटलं रेघांच्या भांडणावरून मारलास टोमणा. मग दर भाऊबीजेला तू तसं करायला लागलीस. मी वैतागायचो. म्हातारपणाचे चाळे म्हणायचो.

किती वर्षं तू ते एकटी घेऊन राहिलीस. घोडा ओढणारे अंगठे तुझे होते म्हणून. जी भीती मी आता बाकावर बसून एका दुपारी भोगली, ती तू दर दसऱ्याला हळदकुंकू लावून भोगलीस. आणि तरी बंदूक कोणाच्या हाती दिली नाहीस, विहिरीत टाकली नाहीस, दुसऱ्या कोणाच्या पोराच्या तोंडासमोर येऊ दिली नाहीस. एसटीत, ठाण्यात, पाटावर, शेवटी त्या बाकावर. जीव जाताना माणसाचे हात सुटतात म्हणतात. तुझे सुटले नाहीत, कारण समोर चहावाला पोऱ्या फिरत होता.

एवढं कळल्यावर तुला काय म्हणायचं, बाई? मी वाचलो यासाठी कोणाचे आभार मानायचे, नसलेल्या टोपीचे की गंजाचे? बाकी ज्यांची डोकी जाग्यावर राहिली त्यांना माहीतही नाही की ती तुझ्यामुळे.

संग्रहालयवाल्यांचा काल पुन्हा फोन आला. चार ओळी द्या. मी बसलो. दाजीबाचं नाव लिहिलं आणि खोडलं. रेघांची माहिती लिहिली, तीही अर्धी खोडली. मग हे लिहून पाठवलं:

ठासणीची बंदूक. सत्तावन्नच्या उठावानंतर देशी शिपायांसाठी बनवलेली, गुळगुळीत नळीची. आमच्या घरात ती हिसकावून आणली असं सांगत, त्याचा पुरावा नाही. ती भरलेली सापडली. कोणी भरली आणि कोणावर उडवली नाही, हे माहीत नाही. ती भरलेली आहे हे एकट्या बाईंना माहीत होतं, आणि त्यांनी ती कोणाला लागू दिली नाही. गजावरचा नाडा त्यांचा आहे, काढू नये.

चारपेक्षा जास्त ओळी झाल्या. तिथल्या बाई म्हणाल्या, चालेल, पण काचेच्या पेटीत बंदूक कशी ठेवू, तोंड प्रेक्षकांकडे असलं की नळी नीट दिसते. मी म्हटलं, नाही, भिंतीकडे. त्या म्हणाल्या, "सर, पण आता ती रिकामी आहे ना?"

"रिकामीच आहे," मी म्हटलं. "तरी तोंड भिंतीकडेच ठेवा. पेटीसमोर लहान पोरं उभी राहतील."